पाळी जाण्याच्या वयात ताटात भाकरी किती?

पंचेचाळिशीच्या आसपास बहुतेकींचं एक गाऱ्हाणं असतं: "खाणं पूर्वीइतकंच आहे, तरी पोट सुटलंय." ते खरंच असतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरायला लागलं की चरबी मांड्यांवर साठण्याऐवजी पोटावर साठते, स्नायू घटतात आणि इन्सुलिनला शरीर पूर्वीसारखी दाद देत नाही. तिशीत तीन पोळ्या आणि वर भात सहज खपून जायचा, आता त्यातलं बरंच शिल्लक राहतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पण हे बदल त्याच्या काही वर्षं आधीच सुरू झालेले असतात.

म्हणून या वयात कर्बोदकं कमी करणं अनेकींना मानवतं. मात्र त्याकडून नेमकं काय मागायचं ते आधी ठरवा. पोटाचा घेर, जेवणानंतरची साखर, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) यांवर फरक दिसू शकतो. हॉट फ्लश थांबतील असं कुणी सांगत असेल तर त्याला भक्कम पुरावा नाही. अंगातून वाफा येऊन रात्रीची झोपच मोडत असेल तर त्यावर वेगळे उपचार आहेत, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ताटात फेरफार करत सोसत बसू नका.

दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली कर्बोदकं असली की तो आहार साधारणपणे लो-कार्ब मानतात. किटो म्हणजे त्याहून फार खाली, २० ते ५० ग्रॅम. आपल्या स्वयंपाकात किटो टिकवणं फार कठीण आहे, कारण त्यात डाळ-उसळसुद्धा जवळजवळ बंद होते, आणि शाकाहारी बाईचं बरंचसं प्रोटीन तिथून येतं. आमचा कल स्पष्ट आहे: १०० ते १३० ग्रॅम. हे वर्षानुवर्षं जमतं.

आता मोजमाप. इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. "पोळी सोडली, ज्वारीची भाकरी खाते" याला लो-कार्ब म्हणत नाहीत. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, सगळ्यांच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७२ ग्रॅम कर्बोदकं असतात. भाकरीला हाताशी येईल तेवढं पीठ घेतलं जातं, ते सहज ५० ग्रॅम भरतं, म्हणजे ३५ ग्रॅम कर्बोदकं. २५ ग्रॅम पिठाचा एक फुलका १७-१८ ग्रॅमचा. म्हणजे एक भाकरी म्हणजे दोन फुलके. भाकरीत तंतू असतात हे खरं, पण दोन भाकऱ्या त्या दोनच. शिजलेल्या भाताची १५० ग्रॅमची वाटी ४० ग्रॅमच्या पुढे जाते. एकदाच वजनकाटा घेऊन आपल्या घरची भाकरी, आपली वाटी मोजून बघा. नंतर नजरेला सवय होते.

एकच भाकरी खायची असेल तर ती नाचणीची करा. पाळी गेल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते आणि आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार या काळात रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ४० ग्रॅम नाचणीतून साधारण १४० मिलिग्रॅम मिळतं, वाटीभर दही-दुधातून त्याहून थोडं जास्त. बिनपॉलिशच्या तिळाची चमचाभर चटणी रोजची ठेवा.

धान्य कमी करण्याआधी प्रोटीन वाढवा. हा क्रम उलटा झाला की आहार तिसऱ्या दिवशी मोडतो. वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम प्रोटीन हवं. पातळ वरणाच्या वाटीत ते पाच-सहा ग्रॅमच असतं, त्यामुळे "मी रोज वरण खाते" एवढ्यावर भागत नाही. नमुन्याचा दिवस असा: सकाळी दोन अंडी आणि ३० ग्रॅम बेसनाचं मेथी घातलेलं धिरडं, बिनसाखरेचा चहा. दुपारी ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, भरपूर पालेभाजी, वाटीभर दही. पाच वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि ताक. रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा दीडशे ग्रॅम बांगडा, परतलेली फरसबी किंवा दोडका, एक फुलका. कर्बोदकं साधारण १२० ग्रॅम, प्रोटीन ७० च्या आसपास. अंडी चालत नसतील तर ३० ग्रॅम सोयावड्या घ्या, त्यात १५ ग्रॅम प्रोटीन असतं. पिठलं अजिबात वाईट नाही. त्याच्यासोबत दोन भाकऱ्या आणि वर भात जातो, तिथे हिशेब चुकतो.

पाच वाजताचं खाणं गाळू नका. बहुतेकींची गाडी तिथेच घसरते: दुपारी अर्धपोटी जेवायचं आणि संध्याकाळी चहासोबत चिवडा, खारी, दोन बिस्किटं. शुगर-फ्री बिस्किटांतही मैदा असतोच. गूळ, मध आणि खजूरही साखरेच्याच हिशेबात धरा. फळांत पेरू, पपईची फोड बरी. हापूस आवडत असेल तर हंगामात अर्धा खा आणि त्या जेवणातला फुलका सोडा.

उपवास हा वेगळाच विषय आहे. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण कर्बोदकांना अगदी चपखल लागू पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी ५० ग्रॅमच्या पुढे जाते, बटाटा वेगळा. प्रोटीन जे काही येतं ते दाण्याच्या कुटातून. उपवास सोडा असं आम्ही म्हणणार नाही. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, पनीर, दाण्याची आमटी आणि तिच्यासोबत वरीचा भात दोन डाव, एवढ्यात पोट भरतं.

पहिल्या आठवड्यात वजन एक-दोन किलोने उतरलं तर हुरळून जाऊ नका, ते बहुतेक पाणी असतं. स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शरीराने साठवलेल्या साखरेच्या) दर ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, साठा कमी झाला की ते निघून जातं. त्यासोबत मीठही जातं. डोकं दुखणं, उठताना गरगरणं, पोटऱ्यांत गोळे येणं हे त्यामुळेच. दिवसातून दोन पेले मीठ घातलेलं ताक आणि पुरेसं पाणी घेतलं की बहुधा आराम पडतो. रक्तदाब असेल तर मीठ डॉक्टरांना विचारूनच. बद्धकोष्ठ झाला तर भाजी कमी पडतेय असं समजा. दोन्ही जेवणांत दोन-दोन वाट्या भाजी हवी, तेवढ्याने भागलं नाही तर रात्री चमचाभर इसबगोल भरपूर पाण्यासोबत.

औषधं चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, नंतर ताट बदला. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेत असताना धान्य अर्ध्यावर आणलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर कर्बोदकं फार कमी केली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक प्रकार, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, धाप लागली तर थेट दवाखाना गाठा. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही कमी करावा लागू शकतो, तो स्वतःच्या मनाने करू नये. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वर सांगितलेलं प्रोटीनचं गणित तुमच्यासाठी नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा.

सुरुवातीला एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. पाळी गेल्यावर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तसंही वाढतं. त्यात "कार्ब नाही ना, मग चालतं" म्हणून तूप, साय, चीज, ओलं खोबरं सढळ हाताने सुरू झालं की ते आणखी चढतं. तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलडीएल वाढलेलं दिसलं तर धान्य परत वाढवण्याची घाई नको. आधी तूप दिवसाला दोन छोट्या चमच्यांवर आणा, पनीरचे काही दिवस मासे, सोयावड्या किंवा उसळीला द्या, खोबऱ्याच्या वाटणाऐवजी दाण्याचं कूट वापरा, आणि आणखी तीन महिन्यांनी आकडा बघा. तेव्हाही तो चढलेलाच असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.