बटाटा, पेरॉक्साइड आणि सात सेकंद
भाचीला अकरावीच्या बायोलॉजीत प्रोजेक्ट आलंय: एन्झाइमचं (रिॲक्शन वेगानं घडवणाऱ्या प्रथिनाचं) प्रमाण वाढवलं की रिॲक्शनचा वेग किती वाढतो? "मावशी, तू लॅबमध्ये आहेस ना, तूच प्लॅन लिहून दे." लिहून काही देणार नाही म्हटलं, रविवारी नौपाड्याला ये, ओट्यावर करून बघू.

बटाटा किसून फडक्यातून पिळला. रस बघता बघता तपकिरी पडला (ती करामत दुसऱ्या एन्झाइमची, आपल्याला हवं ते कॅटलेज). पंचिंग मशीननं फिल्टर पेपरच्या टिकल्या पाडल्या. रसात भिजवलेली टिकली चिमट्यानं पेल्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या तळाशी सोडायची. कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, बुडबुडे टिकलीला धरून वर आणतात. किती सेकंदांत, ते मोजायचं.

पहिली टिकली चार मिनिटं तळाशीच. भाचीनं बटाट्याला शिव्या घातल्या. दोष माझ्या बाटलीचा होता. कधीची उघडलेली, खिडकीत उन्हात ठेवलेली, पेरॉक्साइडचं पाणी होऊन गेलेलं. खालच्या मेडिकलमधून 6 टक्क्यांची नवी आणली. आता टिकली सात सेकंदांत वर! रस निम्मा पातळ केला तरी नऊ. एवढ्या कमी वेळात स्टॉपवॉच दाबणाऱ्या बोटाचीच चूक मोजली जाणार.

"मग पेरॉक्साइडमध्ये पाणी घालूया, हळू होईल."

इथे मी तिचा हात धरला. आम्ही लॅबमध्ये एसजीपीटी (लिव्हरच्या एका एन्झाइमची रक्ततपासणी) लावतो तेव्हा एन्झाइम मोजत नाही, ते 37 अंशांवर किती वेगानं काम करतं ते मोजतो, आणि रिएजंटमध्ये, म्हणजे तपासणीच्या रसायनात, त्याला लागणारा माल मुद्दाम भरपूर असतो. काविळीच्या पेशंटचं एसजीपीटी कधी इतकं चढलेलं असतं की माल मध्येच संपतो आणि आकडा भलताच येतो. तेव्हा आम्ही सीरम (रक्तातला पाण्यासारखा भाग) पातळ करून पुन्हा लावतो. रिएजंटला हात लावत नाही. एन्झाइम म्हणजे रिक्षा, पेरॉक्साइड म्हणजे माणसं. ठाणे स्टेशनवर सॅटिसच्या पुलाखाली संध्याकाळी रांग असते तोवर प्रत्येक जादा रिक्षा कामी येते. दुपारी माणसंच नाहीत, तर दहा रिक्षा काय आणि वीस काय.

म्हणून रस पातळ केला: 20, 15, 10, 5 टक्के. शिवाय तुलनेला एक नुसतं पाणी, एक उकळलेला रस (उकळला की एन्झाइम निकामी). प्रत्येक टिकलीला पेरॉक्साइड ताजं, 20 मिली. रसाची वाटी बर्फात, दर वेळी ढवळून, कारण पीठ खाली बसतं. प्रत्येकी तीन रीडिंग, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून.

10 टक्क्यांची एक टिकली पेल्याच्या कडेला चिकटली आणि 41 सेकंद आले. बाकीची दोन 26 आणि 24. भाची खोडायला निघाली. म्हटलं, राहू दे, शेजारी कारण लिही आणि चौथं घे. चौथं 25 आलं. उकळलेल्या रसाची टिकली मात्र जेवणं होईपर्यंत तळाशी पडून होती.

आलेख तिचा ती काढेल. मला अजून ओट्याच्या फटीत टिकल्या सापडताहेत.