नाग नदीच्या मागोमाग आंभोऱ्यापर्यंत

नागपूरकर नाग नदी बघतो ती पुलावरून, गाडीची काच वर करून. हे पाणी पुढे जातं तरी कुठे, हे बघायला आम्ही रविवारी निघालो. तर्री-पोहे पोटात घालून पहिला मुक्काम अंबाझरी तलाव.

नदी लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून येते आणि या तलावात उतरते. तलाव १८७० च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी बांधलेला. बाकीचे लोक पाण्याकडे तोंड करून सेल्फी काढतात. तुम्ही मागे वळून सांडव्याखालचं पात्र बघा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. पात्र किती आवळलंय हे पाहिलं की फार समजावून सांगावं लागत नाही.

शहरातला टप्पा गाडीतूनच उरका. काठाने सलग चालता येत नाही आणि वासही सोसवत नाही. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये बारा गावं एकत्र करून वसवलेलं नगर याच नदीच्या नावाचं, एवढं महाल भागाजवळच्या पुलावर आठवलं तरी पुरे.

पारडीच्या पुढे गोरेवाड्याकडून आलेली पिली नदी नागेला मिळते आणि दोघी मिळून कन्हानला जातात. कन्हान छिंदवाड्याकडून सातपुडा उतरते, कामठीच्या अलीकडे पेंचला सोबत घेते. पाण्याचा हा सगळा पसारा शेवटी आंभोऱ्याला वैनगंगेत रिकामा होतो.

आंभोरा नागपूरहून सत्तरेक किलोमीटर. उमरेड रोडने निघून कुही, वेलतूर करत जा. स्वतःची गाडी हवीच. बसच्या भरवशावर परतीची वेळ जुळवणं कठीण. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम, पण गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे इतकं फुगलंय की कोणती नदी कुठून आली हे ओळखू येत नाही. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर आहे. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधू’ इथेच रचला असं इकडची मंडळी ठामपणे सांगतात. अंबेजोगाईकरांना ते मान्य नाही, आणि त्या वादात पडायला आम्ही आलो नव्हतो.

नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांना जोडणारा केबलचा नवा पूल आणि त्यावरची दर्शक गॅलरी हे आता मुख्य आकर्षण. तिथे दुपारी जाऊ नका, वैदर्भीय उन्हात काँक्रीट तापतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी नाहीतर चारनंतर, हे बरं. सुट्टीच्या दिवशी गर्दी धरून चाला.

संगमावर लोक श्रद्धेने ओंजळ भरून तीर्थ घेतात. हात जोडा, पण पाणी तोंडात घेऊ नका. नागपुरात सीताबर्डीखालून जाताना ज्यासाठी आपण काच वर करतो, तेच इथवर येतं. प्यायचं पाणी घरून न्या.

गोसीखुर्दचं धरण आणि पवनी त्याच दिवशी कोंबायचा मोह टाळा. त्यासाठी वेगळा दिवस काढा आणि भंडाऱ्याच्या बाजूने जा.