अप्पलपोटा कोणाला म्हणायचं?

मी स्पीच थेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबत काम करते. मागच्या आठवड्यातला एक दिवस काही डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

साडेपाच वर्षांचा मुलगा, ऑटिझमचं निदान होऊन दोनच महिने झालेत, आई नोकरीवर त्यामुळे आजी घेऊन येतात. त्या दिवशी धाकटी बहीणही सोबत होती आणि आजींकडे लाडवांचा डबा. याने आजींचं मनगट धरलं, त्यांचा हात झाकणावर नेऊन ठेवला, डबा उघडल्यावर दोन्ही हातात लाडू घेऊन कोपऱ्यात जाऊन बसला. बहीण हात पुढे करून रडतेय, याचं लक्षच नाही.

"बघा ताई, एक नंबरचा अप्पलपोटा. वर हुकूम सोडतो."

मी म्हटलं, आजी, हुकूम नाही हो तो, बोट दाखवून मागणं त्याला अजून जमत नाही म्हणून तो तुमचा हात वापरतो. आणि अप्पलपोटा कोण, तर ज्याला समोरच्याची भूक कळते आणि तरी जो आपल्याच पोटाचं बघतो. याला तर बहिणीने हात का पुढे केलाय तेच उमगत नाहीये.

आजींनी पिशवीतून रिपोर्ट काढला, मीच लिहिलेला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "मग हे स्वमग्न काय? स्वतःतच मग्न, म्हणजे तेच की."

मला पटकन उत्तरच सुचेना. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरांनी 1911 च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून ऑटिझम शब्द केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या पेशंटसाठी, मग 1943 साली कॅनर नावाच्या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी 11 मुलांच्या नोंदी छापताना तोच उचलला आणि आपण मराठीत त्याचं स्वमग्नता केलं. हे सगळं मला पाठ आहे, पण घरातल्या माणसाला हा शब्द ऐकून पोराचा स्वभावच वाईट वाटत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आजी जरा वेळाने म्हणाल्या, आमच्याकडे एका चुलत दिराला अप्पलपोटा म्हणायचे, दुष्काळात पोरं उपाशी असताना दार लावून जेवायचा. मग नातवाकडे बघत राहिल्या. "हा तसा नाही."

मग आम्ही दोन वाट्या घेतल्या, एकीवर त्याचा फोटो, दुसरीवर बहिणीचा. चौथ्या खेपेला त्याने तिच्या वाटीत अर्धा लाडू टाकला, तिच्याकडे न बघताच. आजींनी वाट्या धुवून पिशवीत भरल्या, घरी रोज करते म्हणाल्या.