तुम्ही विचारलंत म्हणून: बोलताच येत नाही, मग धीर कसा द्यायचा?

मुलगी अमेरिकन नौदलात आहे हे कळलं की ओळखीतले आईवडील, विशेषतः ज्यांची मुलं आता त्याच वाटेवर आहेत ते, हमखास विचारतात, "बूट कॅम्पमध्ये, भरतीनंतरच्या त्या पहिल्या प्रशिक्षणात, फोन नाही, मेसेज नाही. मग तुम्ही तिला धीर कसा दिलात?" दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगते. आज नीट लिहिते.

पत्रांनी दिला. पण कुठल्याही पत्रांनी नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी तिथलं चित्र डोळ्यांसमोर आणा. अधिकारी म्हणून नव्हे, तर सेलर म्हणून भरती होणाऱ्यांचा बूट कॅम्प आता एकाच ठिकाणी होतो: शिकागोच्या उत्तरेला, लेक मिशिगनच्या काठी, ग्रेट लेक्सला. हा तळ १९११ पासूनचा. सॅन डिएगो आणि ओरलँडोची केंद्रं १९९० च्या दशकात बंद झाली. माझी मुलगी गेली तेव्हा प्रशिक्षण १० आठवड्यांचं होतं, २०२५ पासून ते ९ आठवड्यांवर आलंय. राहण्याच्या इमारतीला तिथे 'शिप' म्हणतात, जमिनीला 'डेक', पलंगाला 'रॅक'. ऐंशीएक जणांची एक डिव्हिजन, आणि त्यांच्या डोक्यावर आरडीसी, म्हणजे रिक्रूट डिव्हिजन कमांडर. ते पहाटे उठवतात, रात्री झोपवतात, आणि मधल्या वेळात एकही मिनिट मोकळं ठेवत नाहीत.

पोचल्यावर एक फोन येतो. तो फोन समजून घ्या. मूल सुखरूप पोचल्याचं सांगतं, पत्ता नंतर कळेल म्हणतं आणि फोन ठेवतं. आवाज सपाट असतो, कारण समोरच्या कागदावरचं वाचायचं असतं आणि मागे रांग उभी असते. त्या आवाजावरून काहीही अंदाज बांधू नका. कितीतरी आया त्या अर्ध्या मिनिटावर आठवडाभर रडतात. मग मूल जाताना अंगावर होते त्या कपड्यांचं खोकं घरी येतं. तेव्हा मात्र रडू येतं, आणि ते यावंच.

आता पत्रांचं. तिच्या हातात पडलेलं तुमचं पत्र काही दिवसांचं जुनं असतं, तसंच तुमच्या हातातलं तिचंही. माझी मुलगी जेमतेम पोहायची. तिथे उंचावरून पाण्यात उडी, मग ५० यार्ड पोहणं आणि ५ मिनिटं तरंगणं, एवढं जमावंच लागतं. नाही जमलं तर जादा सराव करून पुन्हा चाचणी. तिचं पत्र आलं: "आज परत नापास. इथून घालवतील मला." अक्षर इतकं दाबून लिहिलेलं की कागदाच्या मागच्या बाजूला उमटलं होतं. नवऱ्याचं म्हणणं, लगेच बसून समजावूया. मी म्हटलं, आपलं समजावणं पोचेपर्यंत ती एक तर पास झाली असेल किंवा पुढच्या चाचणीत असेल. म्हणून मी फक्त इतकं लिहिलं: "तुझं पोहण्याचं पत्र मिळालं. हे पोचेल तेव्हा जे काही झालं असेल, त्यात आम्ही तुझ्या बाजूने आहोत." बाकी पानभर घरचं. माझं पत्र मिळालं तेव्हा ती पास झालेली होती. ते वाक्य तरीही खरंच राहिलं. संकटाला उत्तर देणारी पत्रं शिळी होतात. घर सांगणारी होत नाहीत.

घर म्हणजे काय, तर अगदी फुटकळ. धाकट्याने गाडी शिकताना गॅरेजच्या दाराला कशी टेकवली, वरच्या खोलीतला पंखा अजून तसाच कसा आवाज करतो, शेजारचं कुत्रं तिच्या खिडकीखाली येऊन कसं बसतं. तिने उत्तरात लिहिलं की रात्री डेकवर बसून बूट पॉलिश करताना गॅरेजचा किस्सा तिने शेजारच्या रॅकवालीला वाचून दाखवला. त्या मुलीला कोणाचंच पत्र येत नव्हतं. "तिलाही लिहिशील का?" मग त्या मुलीलाही मी लिहायला लागले, वेगळ्या पाकिटात, तिच्या नावाने. तुमच्याही मुलाला विचारून बघा. डिव्हिजनमध्ये असं कोणीतरी असतंच.

पाकीट साधं पांढरं ठेवा. चिकटचित्रं, अत्तर, खाऊ, काही नको. खाऊ तसाही हातात पडत नाही, आणि नटवलेलं पाकीट चारचौघांत उठून दिसतं. तिथे उठून दिसण्यात सुख नाही. शिप आणि डिव्हिजन दोन्हीचे नंबर पत्त्यात हवेत.

"तू नाहीस तर घर खायला उठतं" हे लिहू नका. खरं असलं तरी ते तिने वाहायचं ओझं नाही. ते बहिणीला सांगा, मैत्रिणीला सांगा. मी आमच्या ताईला रोज रात्री सांगत होते.

पण इथेच एक उलटी गोष्ट सांगते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. काळजी लपवा, बातमी लपवू नका. आपल्याकडे मुलांपासून आजारपणं, मृत्यूसुद्धा लपवायची सवय आहे. "तिला कळवू नका, तिचं लक्ष उडेल." निघण्याआधी आमचं ठरलं होतं की मोठं काही झालं तर तिला कळवायचंच. तशी वेळ आली. तिकडे भारतात माझ्या सासूबाई पडल्या, कमरेचं हाड मोडलं. नातेवाइकांचा आग्रह होता की पासिंगपर्यंत, म्हणजे प्रशिक्षण संपल्याच्या समारंभापर्यंत, गप्प राहा. मी शस्त्रक्रिया झाल्यावर लिहिलं: काय झालं, काय केलं, आजी आता कुठे आहे, कोण सोबत आहे. मुलीचं उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंस. आता बाकीच्या पत्रांत सगळं ठीक म्हणतेस तेव्हा ते ठीकच असतं." पत्रावर विश्वास नसेल तर रोजच्या रोज लिहूनही उपयोग नाही.

जवळच्या माणसाचं काही गंभीर झालं आणि पत्राची वाट बघणं शक्य नसेल, तर निरोप अमेरिकन रेड क्रॉसमार्फत जातो. ते रुग्णालयाकडून खातरजमा करतात आणि मग नौदलाला कळवतात. पत्ता येईल तेव्हा रेड क्रॉसचा नंबरही शेजारी लिहून फ्रिजवर लावा.

एखादं मूल आजारपणामुळे किंवा चाचणीमुळे मागून सुरू झालेल्या डिव्हिजनमध्ये टाकलं जातं. मग पासिंगची तारीख पुढे जाते. म्हणून परत न होणारी विमानतिकिटं काढू नका. मुलांना तुमच्या निराशेपेक्षा तिकिटांच्या पैशांची जास्त लाज वाटते. आणि समारंभाला कोणाला न्यायचं हे वेळीच ठरवा. पाहुण्यांची नावं मूलच आत कळवतं, आणि यादीत नाव नसलं तर दारातून आत घेत नाहीत.

शेवटी 'बॅटल स्टेशन्स' ही अखेरची परीक्षा असते. इमारतीच्या आत उभ्या केलेल्या २१० फुटांच्या नकली विनाशिकेवर, यूएसएस ट्रेयरवर, रात्रभर आग, पाणी शिरणं, जखमींना बाहेर काढणं. २००० साली यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेवर झालेल्या हल्ल्यासारख्या खऱ्या प्रसंगांवरून हे सगळं बेतलेलं आहे. सकाळी 'रिक्रूट' लिहिलेली टोपी उतरते आणि 'नेव्ही' लिहिलेली चढते. मग जो फोन येतो, त्यात समोर कागद नसतो. त्या दिवशी फोन हाताशी ठेवा, मीटिंगमध्ये असलात तरी उचला, आणि तिला बोलू द्या.

ज्यांचं मूल याच आठवड्यात गेलंय, त्यांच्यासाठी इतकंच: पत्ता यायला वेळ लागतो, त्यासाठी थांबू नका. आजचं पत्र आजच लिहा, वर तारीख घाला, बाजूला ठेवा. उद्याचं उद्या लिहा. पत्ता आला की सगळी एकदम टाका. तिथे पहिल्यांदा पत्रं वाटतील तेव्हा त्यात तिच्या नावाचं काहीतरी असायला हवं.