‘काही जुन्या प्रतींत हे वचन नाही’ म्हणजे नेमकं काय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मराठी, कानडी आणि इंग्रजी अशी तीन पवित्र शास्त्रं एकाच कपाटात असतात. तिन्ही शेजारी उघडली की १ योहान ५:७ वर घोडं अडतं. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात तिथे स्वर्गात साक्ष देणारे पिता, शब्द आणि पवित्र आत्मा आहेत. नव्या भाषांतरांत उरतात आत्मा, पाणी आणि रक्त, आणि कुठे कुठे वर शीर्षकात दिलीय तशी तळटीप (‘प्रत’ म्हणजे हाताने नकललेलं जुनं पुस्तक). मग ‘वचन कापलं’ असा मेसेज फिरतो.

कापलेलं नाही, मागाहून आलेलं आहे. नवा करार मुळात ग्रीकमधला. लॅटिन परंपरेतलं हे वाक्य एरास्मस या डच पंडिताने १५१६ आणि १५१९ च्या ग्रीक छापील आवृत्त्यांत घेतलं नव्हतं. ओरड झाली. १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आलं, आणि त्यासाठी आधार सापडला तो त्याच सुमारास लिहिलेल्या एका ग्रीक प्रतीचा. (ती प्रत आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे, नावाचा योगायोग बघा: ट्रिनिटी म्हणजे त्रैक्य, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव.) ३२५ च्या निकिया परिषदेच्या वेळी पुत्र पित्याच्या बरोबरीचा देव नाही म्हणणाऱ्या आरियसशी वाद पेटला असताना हे वाक्य हाती असतं, तर ग्रीक धर्मपित्यांनी तेच सगळ्यात आधी पुढे केलं असतं. त्यांनी केलं नाही. म्हणजे त्रैक्याची शिकवण या वचनावर उभी नव्हती, ते गेल्याने ती पडत नाही. ‘त्रैक्य एरास्मसने घुसवलं’ म्हणणाऱ्यांचाही हिशेब हजार वर्षांहून जास्त चुकतो.

अशा चुका होतात कशा, हे मोडी वाचणाऱ्याला लवकर कळेल. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ एकच. ‘दिन’ की ‘दीन’, ते संदर्भावरून ठरवायचं. जुन्या ग्रीक प्रतींतही शब्दांमध्ये जागा नाही, आणि ओमिक्रॉन (ऱ्हस्व ओ) व ओमेगा (दीर्घ ओ) या अक्षरांचा उच्चार पुढे एकच झाला. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने लिहायचं म्हटलं की घोळ ठरलेला. रोमकरांस ५:१ मध्ये ‘आपल्याला शांती आहे’ की ‘आपण शांती राखू या’, एवढा फरक त्या एका स्वरावर आहे.

१ तीमथ्य ३:१६ तर याहून बारीक. ‘देव’ हा शब्द लेखनिक दोनच अक्षरांत लिहीत, थीटा आणि सिग्मा, वर आडवी रेघ. थीटाच्या पोटातली रेघ आणि वरची रेघ काढली की उरतं ‘जो’. ‘देव देहात प्रकट झाला’ की ‘जो देहात प्रकट झाला’? सिनाय प्रतीत (चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल) मूळ हाताने ‘जो’ लिहिलंय, पुढच्या कोणीतरी वर दुरुस्ती करून ‘देव’ केलंय. अलेक्झांड्रिया प्रतीत (पाचव्या शतकातली) त्या जागी चर्मपत्राच्या मागच्या बाजूच्या अक्षराची रेघ झिरपून दिसते, त्यामुळे पंडित पिढ्यानपिढ्या भांडले.

प्रती मोजायच्या नसतात, तोलायच्या असतात. जमिनीच्या एका चुकीच्या उताऱ्यावरून पन्नास नकला काढल्या म्हणून पन्नास साक्षीदार होत नाहीत. बहुसंख्य ग्रीक प्रती नवव्या शतकानंतरच्या आहेत. म्हणून तळटीप दिसली की चार गोष्टी विचारा. सगळ्यात जुन्या प्रती काय म्हणतात? वेगवेगळ्या प्रदेशांतल्या प्रतींत काय आहे? जुनी सिरियाक, लॅटिन भाषांतरं कुठे झुकतात? आणि कोणत्या पाठावरून (म्हणजे वाक्याच्या रूपावरून) दुसरा पाठ कसा तयार झाला असेल? माझ्या मते चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. वचन भटकं, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींत वेगवेगळ्या जागी असेल, तर तीही खूणच. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट बहुतेक प्रतींत योहान ८ च्या तोंडाशी आहे, पण काही प्रतींत ती लूक २१ च्या शेवटी सापडते.

मार्क १६:९-२० वर सर्वांत जास्त जपावं, कारण आजार बरे करण्याच्या आरोग्यसभांत १६:१८ मधले साप आणि विष (विश्वासणाऱ्यांना त्यांनी इजा होणार नाही, हे वचन) हमखास येतात. व्हॅटिकन प्रतीत (हीसुद्धा चौथ्या शतकातली) मार्क १६:८ ला संपतो आणि पुढचा आख्खा रकाना कोरा सोडलाय. त्या लेखनिकाच्या नव्या करारात असा कोरा रकाना दुसरा नाही. पुढे आणखी काही आहे हे त्याला ठाऊक असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. या बारा ओळी चर्चमध्ये वाचायला हरकत नाही, जुन्या काळापासून वाचल्या जातात. पण दुसरीकडे कुठेच नसलेली शिकवण एकट्या त्यांच्यावर उभी करू नये.

सिनाय प्रतीची पानं इंटरनेटवर फुकट बघता येतात. मार्कचं शेवटचं पान काढा: ‘कारण त्या (कबरेपाशी गेलेल्या स्त्रिया) घाबरल्या होत्या’, खाली नक्षी, शुभवर्तमानाचं नाव, आणि पुढच्या रकान्यात सरळ लूक सुरू.