फोम बोर्डाचा भुईकोट किल्ला: चौकोनी बुरुजांनी अडवलं तिथे

फोम बोर्ड कसा कापायचा असं कुणी विचारलं, की मी आधी त्याची खरी जाडी मोजायला सांगतो. दुकानदार ५ मिमी म्हणतो, पावतीवरही ५ मिमीच लिहिलेलं असतं, आणि मोजायला बसलं तर कधी ४.७ भरते, कधी ४.९. लांब भिंतीत हा फरक खपून जातो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याची प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा बाहेरचा तट, खंदक, दरवाजा सगळं सुरळीत झालं. आतल्या तटाचे चौकोनी बुरूज आले आणि काम ठप्प झालं. २४ मिमीच्या बुरुजात तीन दशांश मिलिमीटरसुद्धा डोळ्यांना खुपतात. त्यामुळे अडलं त्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं भराभर.

बोर्ड घेताना नाव सांगून भागत नाही. 'फोम बोर्ड' मागितला की बहुतेक ठिकाणी सनबोर्ड पुढे करतात. सनबोर्ड पीव्हीसीचा, फ्लेक्सवाल्यांकडे ८ × ४ फुटांच्या शीटमध्ये मिळणारा. वजनाला जड, आरपार एकाच पदार्थाचा. आपल्याला हवा तो दोन्ही बाजूंनी कागद आणि मध्ये पॉलिस्टायरीनचा फोम असलेला. कडेकडून बघितलं की तीन थर दिसतात. पुढची सगळी युक्ती कागद शाबूत ठेवून फोम काढण्यावर उभी आहे, म्हणून कागद नसलेला बोर्ड या कामाला चालत नाही. सगळे बोर्ड एकाच गठ्ठ्यातले घ्या. एका दुकानातून दोन वेगवेगळ्या लॉटचे बोर्ड एकत्र बांधून मिळाले होते, एक ४.७, दुसरा ४.९. विचारलं तर उत्तर आलं, "दोन्ही पाचच आहेत." याचा राग अजून आहे, कारण पुढे घडी घालण्यासाठी बोर्डात पाडायच्या सगळ्या चरांचं माप त्या आकड्यावर ठरतं.

जाडी मोजायची सोपी रीत: बोर्डाचे १० छोटे तुकडे कापा, एकमेकांवर ठेवा, फार न दाबता उंची मोजा आणि दहाने भागा. ४७ मिमी आली तर जाडी ४.७. एकच तुकडा पट्टीला लावून दशांश कळत नाही.

आता आराखडा. जुन्या गॅझेटियरमध्ये किल्ल्याचा आकार साधारण २३० × १७६ यार्डांचा वेडावाकडा आयत असा दिला आहे, म्हणजे सुमारे २१० × १६१ मीटर. १:४०० प्रमाण धरलं की ५२५ × ४०२ मिमी होतात. ए१ आकाराचा बोर्ड ८४१ × ५९४ मिमीचा, त्यात किल्ला बसून चारी बाजूंना जागा उरते. खंदकाची रुंदी १०० ते १५० फूट, म्हणजे प्रतिकृतीत ७५ मिमीपासून पुढे. पूर्वेला खंदक नाही, तिथे सिद्धेश्वर तलाव आहे, त्यामुळे त्या बाजूला जास्त जागा सोडा. पाया दोन थरांचा करा आणि वरच्या थरातून खंदक आणि तलाव कापून काढा. ५ मिमी खोली आपोआप मिळते, वेगळं काही कोरावं लागत नाही.

उंचीला मात्र १:४०० वापरू नका. बाहेरचा तट २० ते ३० फुटांचा; त्या प्रमाणात तो जेमतेम १५-२३ मिमी होतो आणि किल्ला ताटात ठेवल्यासारखा दिसतो. उभं प्रमाण १:२०० घ्या. मी बाहेरचा तट ४० मिमी, आतला ५० मिमी आणि आतल्या तटाचे बुरूज ५५ मिमी धरले. आतला तट बाहेरच्यापेक्षा ५ ते १० फूट उंच आहे, त्याच्याशी हे जुळतं. दोन तटांमधलं अंतर १० ते २० यार्ड, म्हणजे २३ ते ४६ मिमी. सगळीकडे सारखं ठेवायची गरज नाही.

एका ए१ बोर्डात दोन्ही तट आणि सगळे चौकोनी बुरूज बसतात. ८४१ मिमी लांबीच्या पट्ट्या पाडायच्या: बुरुजांसाठी ९६ मिमी रुंदीच्या दोन, बाहेरच्या तटासाठी ४० मिमीच्या तीन, आतल्यासाठी ५० मिमीच्या दोन. बेरीज ४१२ मिमी. ५९४ मधून १८२ मिमी उरतात, त्यात दरवाजे आणि चाचणीचे तुकडे. कटरने कापताना करवतीसारखा भुसा पडत नाही, त्यामुळे पट्ट्यांमध्ये जादा जागा सोडावी लागत नाही.

बाहेरच्या तटाचे कोपरे कसेही जुळवले तरी चालतात, कारण चारही कोपऱ्यांवर गोल बुरूज येतात आणि सांधा झाकून टाकतात. गोल बुरुजांना ३ मिमीचा बोर्ड घ्या. आतल्या बाजूचा कागद सोला, मग पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर हळूहळू गुंडाळा. फोम आतून दबतो, बाहेरचा कागद गुळगुळीत राहतो. बाहेरचा कागद ताणला जात नाही, म्हणून लांबी बाहेरच्या व्यासावरून काढायची. ४० मिमी व्यासाला पूर्ण घेर १२६ मिमी, तटाला चिकटणारा पाव भाग सोडला तर ९४ मिमी.

आणि मग ते चौकोनी बुरूज. आतल्या तटाला असे साधारण २५ आहेत. नेहमीची रीत म्हणजे चार तुकडे कापून एकमेकांना टेकवून चिकटवायचे. २४ मिमी चौरसासाठी दोन तुकडे २४ चे आणि दोन १४.६ चे, कारण दोन्हीकडून ४.७ वजा होतात. २५ बुरुजांचे असे १०० तुकडे होतात. प्रत्येकाची कड काटकोनात हवी, प्रत्येक कोपऱ्यावर पांढरा फोम उघडा दिसतो, आणि इतक्या छोट्या तुकड्याला गोंद लावून धरून ठेवायला बोटं पुरत नाहीत. रंग दिला तरी उघडा फोम कागदापेक्षा वेगळा रंग घेतो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर एक उभी पट्टी दिसतेच. काहीजण ४५ अंशांत कड तासायला सांगतात. हाताने इतक्या छोट्या तुकड्यावर ४५ अंश सारखे येत नाहीत. कटर जरा उभा झाला की कोपरा उघडतो.

सुटका झाली ती चर पाडून घडी घालण्याने. तत्त्व असं: आतल्या बाजूने बोर्डाच्या जाडीइतक्या रुंदीचा चर पाडायचा, कागद आणि फोम काढायचा, बाहेरचा कागद तसाच ठेवायचा. मग चराच्या एका कडेवर घडी घातली की पुढच्या भिंतीचा फोम आधीच्या भिंतीच्या आतल्या अंगाला जाऊन टेकतो आणि मधला कागद कोपरा झाकतो. कोपऱ्यावर उघडा फोम कुठेच राहत नाही. २४ मिमीच्या बुरुजाची पट्टी ९६ मिमी रुंद. डाव्या कडेपासून मोजायला लागा: पहिले ४.७ मिमी चर, मग १९.३ मिमी फोम, परत ४.७ चर, १९.३ फोम, असं चार वेळा. घड्या २४, ४८ आणि ७२ वर. सगळ्यात डावीकडचा चर शेवटी चौथ्या भिंतीची कड झाकतो. चारही बाजू सारख्या, त्यामुळे मापात गोंधळ व्हायला जागाच नाही.

चर नेमक्या जाडीपेक्षा किंचित रुंद पाडा. अरुंद राहिला तर घडी काटकोनापर्यंत येतच नाही, आणि जबरदस्ती केली तर बाहेरचा कागद फाटतो. रुंद झाला तर आतल्या कोपऱ्यात बारीक फट राहते, ती बाहेरून दिसत नाही आणि गोंदाने भरते. ४.७ च्या बोर्डाला ५ मिमीचा चर उत्तम बसतो. फोमचा भाग मग १९ राहतो. ४.९ च्या बोर्डाला तोच ५ चा चर अडकतो, त्याला ५.२ लागतो. दोन लॉट मिसळले की पंचाईत होते ती इथेच.

सगळ्यात जास्त वेळ वाचवते ती गोष्ट वेगळीच: बुरूज एकेक करायचे नाहीत. ८४१ मिमीच्या अख्ख्या पट्टीवर चारही चर लांबीभर पाडायचे आणि मग आडवे ५५ मिमीचे काप घ्यायचे. एका पट्टीतून १५ बुरूज निघतात, दोन पट्ट्यांतून ३०. २५ लागले तरी पाच राखीव. चर एकदाच मोजले गेल्यामुळे सगळे बुरूज एकसारखे येतात. आडवे काप घ्यायच्या आधी घडी घालू नका. पट्टी सपाट असतानाच गुण्या (काटकोनाची पट्टी) लावून कापा.

चर पाडताना बाहेरचा कागद कापला जाण्याची भीती असते. म्हणून आधी बाहेरच्या बाजूला घडीच्या रेघांवर मास्किंग टेप लावून ठेवा. कटरचा पहिला हात फक्त वरच्या कागदापुरता. दुसऱ्या-तिसऱ्या हातात फोममध्ये साधारण ४ मिमी खोल जा आणि थांबा. उरलेला पातळ फोम कापायचा नाही, चपट्या स्क्रूड्रायव्हरने एका टोकापासून उकलत जायचा. कागदावर थोडे दाणे राहतात, ते बोटाने किंवा बारीक पॉलिश पेपरने निघतात. पूर्ण निघाले नाहीत तर घडी तिथे फुगते. रंग देण्याआधी टेप सावकाश काढा, वर न ओढता मागे दुमडून.

कापण्याबद्दल इथेच सांगतो, कारण वरचं सगळं पात्यावर अवलंबून आहे. फोम फाटतो, दाणे उपटून येतात, कड करवतल्यासारखी दिसते. याचं कारण नव्वद टक्के वेळा बोथट पातं असतं. कागद पात्याची धार फार लवकर घालवतो. पात्याचं टोक तोडायला कंजूषपणा करू नका; लांब पट्टीचे दोन-तीन काप झाले की मी पुढचं टोक घेतो. कटर उभा धरला तर टोक फोमला ढकलतं, आडवा धरला तर कापतं. पातं जरा जास्त बाहेर काढून साधारण ३० अंशांत ओढा. आरपार काप तीन हातांत: पहिला कागद, दुसरा फोम, तिसरा खालचा कागद. एका दमात आरपार घालवलं की कड तिरकी होते. तिरकी कड घडीत लगेच कळते. डुगडुगणाऱ्या पात्याचं प्लॅस्टिकचं कटर या कामाला नकोच, धातूची पट्टी आत असलेलं घ्या. काचेवर कापू नका, धार एका कापात जाते. कटिंग मॅट नसेल तर जाड पुठ्ठा चालतो. स्टीलची पट्टी आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर असावी, म्हणजे हात घसरला तर काप रद्दीच्या बाजूला जातो. पट्टीखाली पॉलिश पेपरचे दोन तुकडे चिकटवले की ती सरकत नाही. तोडलेली टोकं झाकणाच्या डबीत टाका.

गोंद: फेविकॉल बरोबर आहे, पण थोडाच. घडीचा बुरूज चिकटवून मास्किंग टेपने बांधून ठेवला की हात मोकळे होतात. फेविक्विक सनबोर्डाला चांगलं बसतं, या फोमला मात्र खातं. दरवाजांना वापरतात तसला उग्र वासाचा सोल्युशन गोंदही फोम विरघळवतो, आणि स्प्रे पेंटही उघड्या फोमला तेच करतो. ग्लू गन वापरायची तर कमी तापमानाची, कारण पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. घडीच्या रीतीत उघडा फोम फक्त वरखालच्या कडांना उरतो, तिथे आधी फेविकॉलचा एक हात द्या, मग रंग.

ॲक्रिलिक रंग पातळ करून लावला की बोर्ड वाकतो, कारण ओला कागद वाळताना आक्रसतो. पायाच्या खालच्या बाजूलाही तेवढाच एक हात द्या, दोन्हीकडचा ताण सारखा होतो. वाळायला गच्चीवर ठेवू नका. सोलापूरच्या उन्हात एक बाजू आधी वाळते आणि बोर्ड बाक धरतो. घरात, सावलीत, पसरून. उरलेले बोर्डही भिंतीला तिरके टेकवून न ठेवता पलंगाखाली आडवे ठेवा.

चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) बोर्डातून कोरत बसू नका, ५ मिमीच्या खाचेत फोम तुटतोच. जाड ड्रॉइंग शीटच्या पट्टीत खाचा पाडा आणि ती तटाच्या बाहेरच्या अंगाला ६ मिमी वर येईल अशी चिकटवा. तटाची वरची उघडी कडही बाहेरून झाकली जाते. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) बारीक काळ्या पेनने काढल्या तरी पुरतात. शाळेच्या प्रदर्शनाला ठेवणार असाल तर पायावर दोन्ही प्रमाणं लिहा, आडवं १:४००, उभं १:२००. परीक्षक उंची मोजतात आणि विचारतात.