जुना डेस्कटॉप सुरू झाला!

आजचा अख्खा दिवस जुन्या डेस्कटॉपपाशी गेला आणि मनापासून समाधान वाटतंय. बटण दाबलं की पंखा क्षणभर फिरायचा, मग सगळं बंद. स्क्रीन काळी, बीपसुद्धा नाही.

अशा वेळी लोक लगेच "मदरबोर्ड (कॉम्प्युटरचा मुख्य सर्किट बोर्ड) गेला" म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. आधी वीज नीट पोचतेय का ते बघावं. एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या खोक्याचा, २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढला, हिरवी आणि काळी वायर जोडली, तर त्याचा पंखा फिरू लागला. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठणठणीत असं नसतं! व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला, तर पिवळ्या वायरवर १२ व्होल्टऐवजी साडेदहाच. किमान ११.४ तरी हवेत. (एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.)

दुसरा एसएमपीएस लावला, आता लांबलचक बीप. म्हणजे बहुतेक रॅमची, म्हणजे मेमरीच्या पट्टीची, तक्रार. ती काढून तिच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला, तर रबर काळाकुट्ट! स्लॉटमधली धूळ ब्रशने झटकली, दोन्ही क्लिपा 'कट्' वाजेपर्यंत रॅम दाबून बसवली. आणि स्क्रीन उजळली!

तारीख बरीच मागे गेलीय, म्हणजे बोर्डावरची घड्याळ चालू ठेवणारी ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरीही संपलीय. ती उद्या बदलेन. आधी हार्डडिस्कवरचे सगळे फोटो कॉपी करायला लावलेत.